पोटाची कळ आणि हातचे गेलेले तास
(आरोग्यपाठ : अपेंडिक्सच्या दुखण्यात उशीर कुठे होतो आणि त्याची किंमत काय पडते)



तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तोड झाल्यापासून चोवीस तासांच्या आत मोळी गव्हाणीत पडली, तर वजनही मिळते आणि उताराही मिळतो. दोन दिवस गेले की वजन घटते आणि रसातली साखर बिघडू लागते. चौथ्या दिवशी ऊस तोच, वाण तोच, रानही तेच. पण मोल तेच राहत नाही. यात दोष उसाचा नसतो, गेलेल्या तासांचा असतो.

या अंकातला आरोग्यपाठ असाच तासांचा आहे. अपेंडिक्सला आलेली सूज वेळेत ओळखली, तर तिच्यावरची शस्त्रक्रिया आज अगदी नेहमीची झाली आहे. माणूस दोन-तीन दिवसांत घरी येतो आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कामाला लागतो. तीच सूज दोन-तीन दिवस अंगावर काढली तर अपेंडिक्स सडते, फुटते, पोटात पू होतो आणि साध्या दुखण्याचा प्रश्न जिवावर येतो. रोग एकच, माणूस एकच. फरक फक्त तासांचा. हे तास नेमके कुठे जातात, हे समजून घेणे हाच या पाठाचा हेतू आहे.

अपेंडिक्स म्हणजे काय?

पोटाच्या उजव्या बाजूला खाली, जिथे लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते, तिथे मोठ्या आतड्याला एक बारीक शेपटी लोंबत असते. लांबी बहुधा ६ ते १० सेंटिमीटर, जाडी साधारण करंगळीपेक्षा कमी. हेच अपेंडिक्स. मराठीत त्याला आंत्रपुच्छ म्हणतात. ही शेपटी आतून पोकळ असते. एक तोंड आतड्यात उघडते आणि दुसरे टोक बंद असते. शेवटाला बांध घातलेल्या पाटासारखी तिची रचना आहे.

या पाटाचे तोंड कधी कधी बुजते. कधी घट्ट झालेल्या मळाचा खडा अडकतो, कधी आतल्या गाठी सुजतात, क्वचित जंतही कारण ठरतो. तोंड बुजले की आतला स्राव आतच साठतो, जंतू वाढतात, नळी फुगते. फुगलेल्या नळीच्या भिंतीतला रक्तपुरवठा दाबला जातो. रक्त पोहोचले नाही की भिंत काळी पडून सडू लागते आणि अखेर तिला भोक पडते. मग आतला पू आणि घाण पोटाच्या पोकळीत उतरते.

शंभर माणसांत सात-आठ जणांना आयुष्यात केव्हा तरी हा आजार होतो. दहा ते तीस या वयात प्रमाण जास्त असले, तरी तो कोणत्याही वयात होतो. तिखट खाल्ले, बी गिळली, जेवून लगेच काम केले म्हणून तो होतो असे काही नाही. तेव्हा घरात कोणाला दोष देण्यात वेळ घालवू नये.

कळ कशी चालते ते ओळखा

पोट दुखण्याची कारणे शेकडो आहेत. पण अपेंडिक्सच्या कळेची एक चाल आहे आणि ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पहिल्यांदा दुखते ते बेंबीभोवती किंवा बेंबीच्या वर. दुखणे मोघम असते. माणूस म्हणतो, "पोटात कसंतरी व्हतंय, वायगोळा उठलाय." खाण्यावरची वासना जाते. आवडीचे ताट पुढे आले तरी नको वाटते. मग मळमळ, एक-दोन उलट्या. इथे क्रम लक्षात घ्यावा: आधी कळ, मग उलटी. आधी खूप उलट्या-जुलाब आणि मग पोटदुखी, असे असेल तर बहुधा कारण दुसरे असते; पण बहुधाच, नेहमी नव्हे.

पुढे काही तासांत, बहुधा बारा ते चोवीस तासांच्या आत, कळ बेंबीपासून सरकून उजव्या बाजूला खाली येते आणि तिथेच ठाण मांडते. बेंबी आणि उजव्या बाजूचे कमरेचे पुढे आलेले हाड यांच्यामध्ये रेघ ओढली, तर हाडाकडच्या एक तृतीयांश अंतरावर बोट ठेवताच माणूस कळवळतो. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली हा बिंदू दाखवून दिला आणि आजही डॉक्टर पहिले बोट तिथेच ठेवतात.

आता दुखणे जागेवर बसलेले असते. खोकले, शिंकले, हसले की कळ येते. माणूस वाकून चालतो, उजवा पाय पोटाशी घेऊन पडून राहतो. मोटारसायकलवर किंवा जीपमध्ये बसवले, तर खड्ड्यागणिक ओरडतो. ही आपली नेहमीची गोष्ट वाटेल. पण इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली नेमका याचाच अभ्यास केला होता. रस्त्यावरच्या गतिरोधकावरून गाडी जाताना पोटात कळ येते का, हे त्यांनी रुग्णांना विचारले. अपेंडिक्स सुजलेल्या जवळजवळ सर्वांना ती आली होती. तेव्हा "रस्त्यात लई वरडत होता" ही हकिकत डॉक्टरांना जरूर सांगावी. ती उपयोगाची खूण आहे.

ताप सुरुवातीला नसतो किंवा थोडासाच असतो. म्हणून "ताप न्हाई म्हंजे काय न्हाई" हा हिशेब चुकीचा आहे.

कळ थांबली म्हणजे बरे वाटले असे नव्हे

या पाठातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. फुगलेले अपेंडिक्स फुटले, की आतला ताण एकदम उतरतो. त्यामुळे काही वेळ कळ कमी होते. रात्रभर तळमळलेला मुलगा पहाटे शांत झोपतो. घरची माणसे म्हणतात, "चला, उतार पडला." प्रत्यक्षात याच वेळी पोटात पू पसरू लागलेला असतो. काही तासांत पोट सगळीकडून दुखू लागते, फळीसारखे टणक होते, ताप चढतो, नाडी जलद चालते, जीभ कोरडी पडते, लघवी कमी होते, माणूस मलूल दिसू लागतो.

बरे होऊन कळ गेली, तर माणूस उठतो, भूक लागते, चालतो-फिरतो. फुटून कळ कमी झाली, तर तो उठत नाही, खात नाही, चेहरा उतरलेलाच राहतो. दोहोंतला फरक हाच. चोवीस तास दुखलेले पोट अचानक थांबले आणि माणूस मात्र टवटवीत नाही, अशा वेळी घरी थांबू नये.

फुटण्याचा धोका किती तासांनी? घड्याळ लावून सांगता येत नाही. दुखणे सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३६ तास उलटले की धोका चढत जातो. पण काहींचे त्याच्या आतही फुटते. लहान मुलांचे लवकर फुटते. पाच वर्षांखालच्या मुलांत तर निदान होईपर्यंत निम्म्याहून अधिक वेळा ते फुटलेलेच सापडते, कारण मूल नीट सांगू शकत नाही.

बावन्न तासांचा जमाखर्च

आता एक हिशेब मांडू. ही कोणा एका घराची हकिकत नव्हे, नमुन्यादाखल मांडलेली आहे. मात्र वाचताना आपल्याच वाडी-वस्तीची वाटेल.

समजा, सोमवारी रात्री दहाला सोळा वर्षांच्या मुलाच्या बेंबीभोवती दुखू लागले.

सोमवार रात्री १० ते मंगळवार सकाळी ६ : "सकाळी बघू." ओवा-मीठ, हिंगाचे पाणी, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. तास ८.

मंगळवार सकाळी ६ ते संध्याकाळी ५ : "पोट साफ झालं न्हाई, एरंडेल द्या." दुपारी कोणीतरी म्हटले, "बेंबी सरकलीय," म्हणून पोट चोळून घेतले. तास ११.

मंगळवार संध्याकाळी ५ ते बुधवार सकाळी ६ : गावच्या दवाखान्यात एक इंजेक्शन, चार गोळ्या. दुखणे दबले. मुलगा झोपला. तास १३.

बुधवार सकाळी ६ ते दुपारी ४ : "उतार हाय." आज आपल्या गटाची तोड आलेली, टोळी रानात, ट्रॉल्या उभ्या. घरातली सगळी माणसे फडात. मुलगा अंथरुणावर. दुपारी अंग तापलेले, पोट ताठ. तास १०.

बुधवार दुपारी ४ ते गुरुवार पहाटे २ : गाडीची शोधाशोध, तालुक्याचा दवाखाना, तिथून "पुढं न्या", पैशांची जुळवाजुळव, तपासण्या, सलाईन आणि मग शस्त्रक्रिया. तास १०.

एकूण ५२ तास. त्यातले ४२ तास गावात आणि घरात गेले, आणि १० तास रस्त्यात आणि मोठ्या दवाखान्यात. आपण बोलतो ते मात्र शेवटच्या दहा तासांबद्दल. ते कमी व्हायलाच हवेत; पण मुलाच्या पोटातले चित्र पालटले ते आधीच्या बेचाळीस तासांत.

या हिशेबातल्या तीन नोंदींवर बोट ठेवले पाहिजे.

एक, एरंडेल. तुंबलेल्या, फुगलेल्या आतड्याला रेचकाने जोर आणला, तर फुटायचे ते लवकर फुटू शकते. कारण न कळलेल्या पोटदुखीत एरंडेल, जुलाबाच्या गोळ्या किंवा एनिमा कधीही देऊ नये. पोट चोळण्याचेही तेच. सुजलेल्या जागेवर दाब देणे म्हणजे पिकलेल्या गळवावर मूठ मारणे आहे.

दोन, दुखणे दाबणारे इंजेक्शन. डॉक्टरांनी तपासताना वेदनाशामक दिले तर निदान बिघडते, असे पूर्वी मानत. आता तसे मानत नाहीत. रुग्णाला तळमळत ठेवायचे कारण नाही. बिघडते ते पुढे, जेव्हा "दुखायचं थांबलं" म्हणून पुन्हा कोणी तपासतच नाही. इंजेक्शन घेतल्यावर सहा ते बारा तासांत पुन्हा पोट दाखवावे, मग बरे वाटो वा न वाटो.

तीन, तोड आली म्हणून थांबणे. पुढे ढकललेल्या तोडीचा तोटा कसाही भरून काढता येतो. एवढेच म्हणणे पुरे आहे.

डॉक्टरांच्या हातूनही का निसटते?

अपेंडिक्स प्रत्येकाच्या पोटात एकाच दिशेला लोंबत नाही. काहींचे ते मोठ्या आतड्याच्या मागे दडलेले असते. मग पुढून पोट दाबले तरी फारसे दुखत नाही, कळ कमरेत किंवा पाठीत येते आणि मुतखडा वाटतो. काहींचे खाली कटिभागात उतरलेले असते. ते मूत्राशयाला किंवा गुदाशयाला लागते, मग लघवीला जळजळ होते किंवा थोडे थोडे जुलाब होतात. अशा वेळी उन्हाळे लागले, हगवण लागली, असे समजून उपचार चालू होतात.

गरोदरपणात वाढलेल्या गर्भाशयामुळे आणि पोट ताणल्यामुळे खुणा पुसट होतात. म्हाताऱ्या माणसांत आणि मधुमेही रोग्यांत ताप आणि कळ दोन्ही कमी दिसू शकतात, पण आतली सड थांबत नाही. उलट, काही वेळा दुखणे अपेंडिक्सचे वाटते आणि असते दुसरेच. बाईमाणसाच्या बाबतीत नळीत राहिलेला गर्भ किंवा पीळ पडलेले बीजकोष, मुलग्यांच्या बाबतीत अंडाला पडलेला पीळ, कोणाचा विषमज्वर, लहान मुलांत छातीतला न्यूमोनियादेखील. यांतली काही दुखणी अपेंडिक्सपेक्षाही घाईची आहेत. म्हणून पाळी कधी आली होती हे बाईने आणि जांघेत दुखते का हे मुलाने न लाजता सांगावे.

सोनोग्राफीचेही एक लक्षात ठेवावे. सोनोग्राफीत सूज दिसली तर निदान पक्के होते. पण दिसली नाही म्हणून आजार नाही, असे होत नाही. वायू, चरबी, अपेंडिक्सची जागा आणि तपासणाऱ्याचा हात यांवर ते अवलंबून असते. "सोनोग्राफी नॉर्मल आली" हे ऐकून घरी परतल्यावरही कळ वाढत असेल, तर परत जायचे. शंका राहिली तर डॉक्टर सीटी स्कॅन करतात; त्यात बहुतेक वेळा उलगडा होतो. गरोदर बाईला आणि मुलांना मात्र किरणे टाळण्यासाठी आधी सोनोग्राफीच करतात.

बिघडल्यानंतरचे तीन प्रकार

उशिरा आलेला प्रत्येक रुग्ण सारखा नसतो आणि प्रत्येकाचे पोट लगेच उघडत नाहीत. "इतकं बिघडलंय तरी आपरेशन का करत न्हाईत?" असा प्रश्न नातेवाईक विचारतात. त्याचे उत्तर इथे द्यायला हवे.

पहिला प्रकार, पू सर्व पोटात पसरलेला. ही आणीबाणी. सलाईन आणि शिरेतून प्रतिजैविके सुरू करून, तब्येत थोडी सावरताच शस्त्रक्रिया करतात, पोट स्वच्छ करतात, अपेंडिक्स काढतात. नंतरही काही दिवस शिरेतून औषधे द्यावी लागतात. जखमेत पू होणे, पोटात पुन्हा पू साठणे, आतड्याची हालचाल काही दिवस बंद पडणे, हे त्रास होऊ शकतात.

दुसरा प्रकार, गळू. शरीर स्वतःही लढत असते. पोटातली चरबीची चादर आणि आसपासची आतडी सुजलेल्या जागेभोवती गोळा होतात आणि पुवाला कुंपण घालतात. अशा वेळी सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनवर बघून बाहेरून सुई घालतात, नळी ठेवतात आणि पू काढतात. पोट उघडावे लागतेच असे नाही.

तिसरा प्रकार, गोळा. पू फारसा नाही, पण सगळे एकमेकांना चिकटून उजव्या बाजूला हाताला लागणारा गोळा झालेला. अशा चिकटलेल्या, ठिसूळ आतड्यांत हात घातला तर चांगले आतडे फाटण्याची भीती असते. म्हणून पुष्कळदा दाखल करून, उपाशी ठेवून, सलाईन आणि प्रतिजैविकांवर गोळा विरवतात. नाडी, ताप आणि गोळ्याचा आकार रोज तपासतात. बिघाड दिसला तर बेत बदलतात.

गोळा विरला आणि माणूस घरी आला, की एक नवा उशीर सुरू होतो. डॉक्टरांनी सहा-आठ आठवड्यांनी बोलावलेले असते. तोवर दुखणे विसरलेले असते, लागण आलेली असते, आणि माणूस जात नाही. ही भेट चुकवू नये. काहींचे अपेंडिक्स पुन्हा सुजते. ते काढावे की नाही, हे त्या भेटीत ठरते. शिवाय चाळिशीपुढच्या माणसांत अशा गोळ्याच्या आड कधी कधी मोठ्या आतड्याचा कर्करोग दडलेला असतो, तर आपल्याकडे त्याच जागी आतड्याचा क्षयही होतो. म्हणून त्या वयात दुर्बिणीने मोठे आतडे तपासून घेण्याचा सल्ला देतात. "गोळा गेला, आता कशाला?" म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे.

जुन्या दोन नोंदी

बोस्टनचे डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ साली दाखवून दिले, की उजव्या कुशीतल्या जीवघेण्या सुजेचे मूळ बहुधा अपेंडिक्समध्ये असते, आणि वेळीच शस्त्रक्रिया करावी. अपेंडिसायटिस हे नाव त्यांनीच दिले. तरीही पुढे कित्येक वर्षे 'थांबून पाहू' हाच रिवाज होता.

१९०२ च्या जूनमध्ये इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक २६ तारखेला ठरला होता. दहा-अकरा दिवस आधी त्यांचे पोट दुखू लागले. देशोदेशींचे पाहुणे जमलेले. राजे समारंभ पुढे ढकलायला तयार नव्हते. अखेर २४ जूनला, समारंभाला दोन दिवस असताना, सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी राजवाड्यातच शस्त्रक्रिया करून पोटातले गळू फोडून पू काढला. अपेंडिक्स काढलेदेखील नाही. राजे वाचले आणि ९ ऑगस्टला राज्याभिषेक झाला. याच ट्रीव्ह्जची धाकटी मुलगी दोन वर्षे आधी, १९०० साली, अपेंडिक्स फुटूनच दगावली होती. या रोगावरचा त्या काळचा मोठा जाणकार बाप घरात असतानाही.

दुसरी नोंद हॅरी हुदिनी या जगप्रसिद्ध जादूगाराची. बेड्या, कुलपे, पाण्याच्या पेट्या यांतून सुटणारा हा माणूस १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये पोटदुखीने हैराण होता. डेट्रॉइट शहरात डॉक्टरांनी अपेंडिक्सचे निदान करून ताबडतोब दवाखान्यात जायला सांगितले. पण तिकिटे विकलेली, प्रेक्षक जमलेले. अंगात फणफणता ताप असताना त्याने २४ तारखेला खेळ केला. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली तेव्हा अपेंडिक्स फुटलेले होते. ३१ ऑक्टोबरला तो मरण पावला. त्या वेळी पेनिसिलिन नव्हते. त्याचा शोध १९२८ चा आणि रुग्णांवर वापर १९४१ पासूनचा. आज अशा रुग्णांपैकी बहुतेक वाचतात. पण औषधे आली म्हणून उशीर फुकट झाला असे नाही; त्याची किंमत आजही मोजावी लागते, कधी आठ-दहा दिवसांच्या दाखल्याने, कधी पुढे आतडी चिकटून होणाऱ्या अडथळ्याने, कधी जिवाने.

राजाचा राज्याभिषेक, हुदिनीचा खेळ आणि आपली तोड. कामे लहान-मोठी, पण "एवढं उरकून जाऊ" हा शब्द तिन्हीकडे एकच आहे.

गोळ्यांनी बरे होते म्हणतात, ते खरे का?

अर्धे खरे. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १५५२ प्रौढ रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना नुसती प्रतिजैविके दिली. औषधांवर ठेवलेल्या दर दहांपैकी सुमारे सात जणांना पहिल्या ९० दिवसांत शस्त्रक्रिया लागली नाही; तिघांना लागली. अपेंडिक्समध्ये खडा असलेल्यांत हे प्रमाण दहांत चार होते. पण ते रुग्ण दवाखान्यात तपासून निवडलेले होते आणि पोटभर पू पसरलेले त्यांत घेतले नव्हते. मेडिकलमधून आणलेल्या चार गोळ्यांचा आणि या अभ्यासाचा संबंध नाही. अर्धवट औषधाने आग राखेखाली जाते, विझत नाही.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट. दाखल झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स फुटलेले नाही, सकाळी शस्त्रक्रिया करू," तर घाबरू नये आणि भांडू नये. साध्या सुजेत, दवाखान्यात देखरेखीखाली, सलाईन-औषधे चालू असताना शस्त्रक्रिया चोवीस तासांच्या आत झाली तरी सहसा नुकसान होत नाही, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसले आहे. दवाखान्यातली रात्र आणि घरातली रात्र सारखी नसते. तिथे कोणीतरी दर थोड्या वेळाने नाडी पाहत असते.

फडातल्या माणसांचे काय?

आपल्या रानात ऊस तोडायला आलेली टोळी घर सोडून कोपीत राहते. त्यांतल्या कोणाचे पोट दुखले तर खाडा पडेल, उचल फिटणार नाही, या धास्तीने माणूस कोयता खाली ठेवत नाही. बाईमाणूस तर बोलतच नाही. परक्या मुलखात दवाखाना कुठे, हेही त्यांना ठाऊक नसते. आपल्या फडात कोणी वाकून चालताना, मोळी उचलताना उजवी कूस दाबताना दिसले, तर मुकादमाला आणि कारखान्याच्या शेतकी खात्याच्या माणसाला त्याच दिवशी सांगावे आणि गाडीची सोय करून द्यावी. ज्याच्या रानात माणूस राबतो, त्याचे एवढे कर्तव्य आहेच.

घरात लावून ठेवावे असे

१. पोटदुखी सहा तासांहून अधिक टिकली, सरकून उजवीकडे खाली आली, किंवा भूक जाऊन उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रात्र मध्ये घालू नये.

२. एरंडेल, जुलाब, एनिमा, पोट चोळणे बंद. शेक देऊन वाट पाहणेही नको.

३. दवाखान्यात निघताना खायला देऊ नये. डॉक्टर सांगेपर्यंत पाणीही घोटभरच द्यावे.

४. दुखणे किती वाजता सुरू झाले, कुठून कुठे सरकले, उलटी आधी की कळ आधी, कोणते औषध दिले, हे कागदावर लिहून न्यावे. "दोन दिस झालं" एवढ्याने भागत नाही.

५. पोट टणक, अंगात ताप, धाप, चक्कर, गुंगी अशी लक्षणे दिसली तर १०८ ला फोन करावा आणि जिथे शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ दोघे आहेत अशा ठिकाणीच थेट जावे. दोन दवाखाने फिरण्यात तास जातात.

६. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणता दवाखाना आहे आणि ही शस्त्रक्रिया बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. ही चौकशी हंगामाआधीच करून ठेवली तर अधिक बरे.

७. घरी सोडल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसात पुन्हा ताप, पोट फुगणे, जखमेतून पू असे झाले तर वाट न पाहता परत जावे.

उजळणी

पाठ ध्यानात राहिला का, हे घरातल्या सगळ्यांनी एकमेकांना विचारून पाहावे.

कळ आधी की उलटी आधी? (कळ आधी.)
कळ कुठून कुठे सरकते? (बेंबीपासून उजवीकडे खाली.)
ताप नाही म्हणजे अपेंडिक्स नाही का? (तसे नाही.)
सोनोग्राफी चांगली आली आणि कळ वाढतेय, तर? (परत जायचे.)
कळ एकदम थांबली, पण माणूस मलूल आहे, तर? (हीच सर्वांत घाईची वेळ.)
गोळा विरला, दुखत नाही, तर सहा आठवड्यांनी जायचे का? (जायचेच.)

हा शेवटून दुसरा प्रश्न म्हाताऱ्या आईला आणि शाळेतल्या पोरालाही विचारा. भर हंगामात घरातली धडधाकट माणसे रानात असतात. अंथरुणावरच्या माणसाजवळ त्या वेळी तीच दोघे असतात.